कंसातून सुटलेलं वाक्य

धाकटे, परवा फोनवर तू रुसली होतीस. शाळेत तुमची ती देशांची लुटुपुटूची सभा आहे, प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि त्या देशाच्या वतीने बोलायचं. तुझ्या चिठ्ठीत नकाशावर ठिपक्याएवढा दिसणारा, बेटांचा देश निघाला. "आजी, माझं कोण ऐकणार?" असं तू म्हणालीस. मोठ्या, तू मागून हसलास. तुला मागच्या वर्षी भलाथोरला देश मिळाला होता, तेव्हा तुझं हसू मी समजू शकते.

तेव्हा मी फारसं बोलले नाही. तिकडे परदेशात तुमची झोपायची वेळ झाली होती, इकडे माझी दुपारच्या चहाची. पण ठिपक्याएवढ्या देशाचं कसं ऐकलं जातं ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं आहे, आणि त्यात माझी एक मोठी चूकही आहे. ती चूक मी तुमच्या आईलासुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. आता सत्तरी ओलांडली. अक्षर अजून ओळीत येतं, तोवर लिहून ठेवलेलं बरं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवीन. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, पण मधलं गाळू नका.

मी नागपुरात दूरसंचाराच्या एका प्रशिक्षण केंद्रात नोकरी केली, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटतं मी तिथे फोन दुरुस्त करायची. नाही. इथल्याच सदर भागातल्या नन्सच्या शाळेत माझं शिक्षण झालं, पुढे इंग्रजीत एम.ए. केलं, आणि केंद्रातला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार आणि अहवाल माझ्या टेबलावर आले. यंत्रातलं मला फारसं कळत नव्हतं. पण कोणता कागद कुठे आहे, हे विचारायला साहेबसुद्धा माझ्याकडे यायचे.

आशियातले आणि प्रशांत महासागरातले देश मिळून एक व्यवस्था चालवत. ज्याला जे येतं त्याने ते इतरांना शिकवायचं. केबल कशी जोडायची, डोंगरातल्या गावात टेलिफोन कसा न्यायचा, पुढे पुढे इंटरनेट कसं न्यायचं, हे शिकायला माणसं आमच्याकडे महिना-दोन महिने येऊन राहायची. त्या वसतिगृहाची आठवण आली की मला अजून हसू येतं. भूतानच्या दोन मुलांनी मे महिन्यात कूलरच्या पाण्यात पाय सोडून गृहपाठ केला होता. मंगोलियाच्या एका इंजिनिअरने कँटीनमध्ये दुधाच्या चहात मीठ मागितलं, तेव्हा कँटीनवाली धावत माझ्याकडे आली. "बाई, त्याले इंग्रजीत सांगा ना, साखर संपली नाही म्हणून!" व्हिएतनामची एक मुलगी जाताना माझ्याकडून कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन गेली आणि वर्षभराने तीच बरणी सुक्या कोळंबीने भरून कोणाबरोबर तरी परत पाठवली. आमच्या घरात महिनाभर वास होता. तुमचे आजोबा म्हणायचे, "तुझ्या आंतरराष्ट्रीय संबंधांना जरा झाकण लाव."

या सगळ्या देशांची वर्षा-दोन वर्षांनी एक बैठक व्हायची. पुढची काही वर्षं कोणी कोणाला काय मदत करायची, याचा एक कागद तिथे तयार व्हायचा. त्या कागदाची एक रीत मला फार आवडे. मतदान नाही. जे सगळ्यांना मान्य ते साधं लिहायचं. जे एखाद्याला जरी मान्य नसेल, ते खोडायचं नाही, पण चौकोनी कंसात ठेवायचं. कंस म्हणजे अजून ठरलेलं नाही. मग चहाच्या वेळी, जेवणाच्या रांगेत, लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी बोलत आणि एकेक कंस सुटत जाई. काही वेळा शब्द बदलून, काही वेळा दुसरीकडे काही देऊन.

मी ती रीत घरी आणली होती. किराण्याची यादी फ्रीजवर असायची. आजोबांनी माझ्या दोडक्याला कंस घातला की मी त्यांच्या शेवेला घालायची. तुमची आई मुंबईला नोकरीला जाणार की नाही, हे आमच्या घरात आठ महिने कंसात होतं. शेवटी कंस तिनेच काढला, तिकीट काढून.

आता त्या बैठकीकडे येते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मोठ्या, तू तेव्हा रांगत होतास. धाकटे, तू नव्हतीस. बैठक यजमान म्हणून आपल्याकडे आली, आणि दिल्ली-मुंबई सोडून नागपूरला ठरली, कारण आमचं केंद्र इथे होतं. सदरजवळच्या एका हॉटेलचा मोठा हॉल घेतला होता. डिसेंबर. पाच दिवस. पंधरा-सोळा देशांची माणसं. कागद टंकून, सुधारून, रोज संध्याकाळी सगळ्यांना पाठवायचं काम माझं. प्रती काढायचं काम माझ्या सहकारणीचं. ती नागपूरच्याच इंदोरा भागात राहायची, झेरॉक्सचं मशीन तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नसे, आणि तीही साहेबांशिवाय कोणाचं ऐकत नसे. साहेबांचंही रोज नाही.

पहिल्याच दिवशी माझं लक्ष एका बाईंकडे गेलं. माझ्याच वयाच्या असतील. रुंद खांदे, पांढरे आखूड केस, आणि अंगावर एकावर एक दोन स्वेटर. त्यांच्या देशात थंडी नावाचा प्रकार नव्हता. आपल्या नागपूरच्या डिसेंबरात त्या सकाळी चहाचा कप पिण्याआधी पाच मिनिटं नुसता हातात धरून बसायच्या. मी त्यांना माझी शाल दिली. त्यांनी ती डोक्यावरून अशी घेतली की सहकारीण म्हणाली, "पाहा वं बाई, आपल्या मावशीवानी दिसून राहिल्या."

त्या बेटांच्या देशातून एकट्याच आल्या होत्या. मोठ्या देशांचे पाच-पाच, सहा-सहा लोक होते. एक बोलायचा, दुसरा त्याच्या कानात सांगायचा, तिसरा त्या दोघांना पाणी द्यायचा. बेटावरच्या बाई स्वतःच बोलायच्या, स्वतःच लिहायच्या आणि पाणीही स्वतःच आणायच्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी मला त्यांची हकिगत सांगितली. त्यांच्या देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्राखालून एकच केबल होती. एका वादळात कुठल्याशा जहाजाचा नांगर घसटला आणि ती तुटली. फोन गेला, इंटरनेट गेलं. उपग्रहावरून थोडंफार चालायचं, ते सरकार आणि इस्पितळ वापरत. केबल दुरुस्त करणारं जहाज फार दूर, एका मोठ्या देशाच्या केबलवर काम करत होतं. "त्या देशाकडे आणखी पाच केबली होत्या," त्या म्हणाल्या. "तिथे कोणाचाही फोन बंद पडला नव्हता. पण त्यांचा नंबर आधी लागला होता." तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत त्यांचे वडील वारले. भाऊ परदेशात मासेमारीच्या बोटीवर होता. केबल जोडली गेली आणि भावाने पहिला फोन केला तो वडिलांशी बोलायला.

हे त्या रडत वगैरे सांगत नव्हत्या. वरणभात कालवत सांगत होत्या.

त्या नागपूरला एक वाक्य घेऊन आल्या होत्या. एवढंच: समुद्रातली केबल तुटली, तर ज्या देशाकडे दुसरी वाट नाही, त्याच्याकडे दुरुस्तीचं जहाज सर्वांत आधी पाठवावं. हे वाक्य त्या कागदात बसलं पाहिजे. मागच्या दोन्ही बैठकांत त्यांनी ते मांडलं होतं आणि दोन्ही वेळा ते कंसातच मेलं होतं. कारण एक नियम होता: शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत जे कंसात उरेल, ते गळेल. पुढच्या बैठकीला त्या येणार नव्हत्या. त्यांचंही निवृत्तीचं वर्ष जवळ आलं होतं, आणि त्यांच्या जागी येणारा माणूस नवा होता. म्हणजे हीच शेवटची संधी.

विरोध दोघांचा होता. एक होते मोठ्या देशाचे उंच गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. मला रोज दार उघडून धरायचे. त्यांचं म्हणणं, जहाजं कंपन्यांची असतात, मी त्यांच्या वतीने वचन कसं देऊ? दुसरे होते जाड चष्म्याचे एक अधिकारी. त्यांच्या देशातही बेटं होती. ते म्हणायचे, "हे आधी, म्हणजे आम्ही नंतर. मी घरी जाऊन काय सांगू?" दोघांचंही काही चुकत नव्हतं. म्हणूनच तर कंस सुटत नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी अध्यक्ष माझ्या टेबलापाशी आले. शेजारच्या देशाचे, अगदी हळू बोलणारे. म्हणाले, "आता जवळजवळ सगळं ठरलंय. स्वच्छ प्रत काढा. फक्त तीन कंस राहतील, ते तेवढे ठेवा."

त्या दिवशी दुपारभरात चाळीसेक कंस सुटले होते. ते एकेक शोधून काढायला तास लागला असता. मी हुशारी केली. संगणकाला सांगून सगळे कंस एका झटक्यात काढून टाकले, आणि मग माझ्या वहीतल्या यादीप्रमाणे तीन परत घालायला बसले. अडून बसलेल्या तीन वाक्यांची ती यादी मी जेवणाआधीच पक्की केली होती. परिच्छेद सहा, परिच्छेद अकरा, परिच्छेद चौदा. सहा घातला. अकरा घातला. चौदाव्यात गेले, तर तिथे बेटाचं वाक्य नव्हतंच. मला वाटलं, जेवणानंतर कोणीतरी ते मागे घेतलं असणार, आणि अध्यक्षांनी तीन म्हटलं ते जुन्या हिशेबाने. मी यादीत त्याच्यापुढे नीट बरोबरची खूण केली, कागद सगळ्यांना ईमेलने पाठवला, सहकारणीने प्रती काढून हॉटेलच्या खोल्याखोल्यांत दिल्या, आणि मी घरी गेले. आजोबांना म्हणाले, "आज काम अगदी स्वच्छ झालं."

सकाळी पोळ्या करता करता मला आठवलं. दुपारी चारच्या सुमाराला अकराव्यानंतर तीन नवे परिच्छेद घातले गेले होते. चौदावा आता सतरावा होता. वाक्य सतराव्यात होतं. आणि तिथे ते कंसाशिवाय, सगळ्यांना मान्य असल्यासारखं, पंधरा-सोळा देशांच्या टेबलावर पडलं होतं.

एखादा अव्यवस्थित माणूस ही चूक करू शकला नसता. त्याने यादीच केली नसती.

आजोबा बुटीबोरीच्या कंपनीच्या बसची वाट पाहत मोजे घालत होते. मी म्हणाले, "कंस गेले."

"कुठे?"

"मी काढले. चुकून."

"मग घाल परत."

"सगळ्यांकडे गेलंय ते."

त्यांनी दुसरा मोजा हातात घेतला. "कोणाचं नुकसान झालं का?"

"नाही. एका बाईंचा फायदा झाला."

"मग रडतेस कशाला?"

"त्यांना ते मिळालेलं नाही हो. आणि मिळालं म्हणून मी लिहून दिलंय."

बसचा हॉर्न वाजला. जाता जाता ते म्हणाले, "हे बघ, पोळी करपली." तेवढंच खरं होतं.

मी रिक्षा केली आणि आठाच्या आत हॉटेलात पोचले. सहकारीण हॉलच्या दाराशी शेवटच्या प्रती मोजत उभी होती. तिला सांगितलं. तिने सतरावा परिच्छेद काढला, बोट ठेवून वाचला, आणि गठ्ठा मिटला.

"बाई, हे सतरा नंबर कोन वाचते? सगळे नाश्त्याले लागले."

"अगं, चूक आहे ती."

"असू द्या ना. कोनाचं घर बुडून राहिलं? त्या बाईचं भलं होऊन राहिलं तर होऊ द्या. तुमाले शाळेत नन्सनी लयच खरं बोलायले शिकवलं वाटते."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"मी असती तर अदुगर नाश्ता केला असता," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पन तिले तरी सांगा. तिचं हाय ते."

तिचं हेच मला कायम आवडायचं. थट्टा करता करता नेमकं बोलायची.

बेटावरच्या बाई कोपऱ्यातल्या टेबलावर होत्या. समोर तर्री-पोह्यांची बशी. पहिल्या दिवशी तिखटाने डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आता त्या तर्री दोनदा मागून घ्यायच्या. शेजारी माझी प्रत उघडी होती. मला पाहून त्या उभ्याच राहिल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"कोणी वळवलं त्यांना? मला सांगा. मी काल भावाला फोन केला. त्याने ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं."

बाळांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ अवघड पत्रं लिहिली. पण ती पाच-सहा वाक्यं बोलण्याइतकं अवघड काही केलं नाही. मी सांगितलं. यादी, चौदा, सतरा, सगळं. त्यांनी माझे हात सोडले नाहीत, पण त्या खाली बसल्या. मग हात सोडले आणि प्रत बंद केली.

मी म्हणाले, "अध्यक्ष परिच्छेदाचे नंबर वाचत जातील. कोणी काही बोललं नाही, तर मंजूर म्हणून हातोडी पडेल. दहा मिनिटांचं काम आहे. मी गप्प बसू शकते." मला नोकरीत तीस वर्षांहून जास्त झाली होती, आणि मी असं काही बोलीन असं मला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकललं असतं.

त्यांनी पोह्यांचा एक घास खाल्ला. मग आणखी एक. मी उभीच.

"नाही," त्या म्हणाल्या. "केबल तुटेल त्या दिवशी हा कागद घेऊन मला, माझ्या मागून येणाऱ्याला, या लोकांकडे जावं लागेल. ते विचारतील, हे आम्ही कधी कबूल केलं? त्या दिवशी माझ्याकडे भांडायला वेळ नसेल."

"पण आता कंस घातला तर बाराला ते गळेल."

"माहीत आहे." मग त्या जराशा हसल्या. "पण सांगायचं तुम्ही हं. चूक तुमची आहे. मी नाही सांगणार."

साडेनऊला बैठक सुरू झाली. मी अध्यक्षांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आवाज नेहमीपेक्षाही हळू झाला. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर माइक सरकवला.

मी उभी राहिले. साडीचा पदर सारखा केला, तो आधीच सारखा होता. सतराव्या परिच्छेदातले कंस माझ्या चुकीने निघाले आहेत, ते वाक्य अजून कोणी मान्य केलेलं नाही, मी सर्वांची माफी मागते. एवढं बोलून बसले. क्षणभर हॉलमध्ये नुसती कागदांची सळसळ झाली. सगळे पहिल्यांदाच सतरावा परिच्छेद उघडत होते. सहकारणीचं म्हणणं खरं होतं, कोणी वाचला नव्हता. मग कोणीतरी हसलं, आणि हसू हॉलभर पसरलं. अध्यक्ष म्हणाले, "कागद एका रात्रीत इतका सुधारलेला मी पहिल्यांदाच पाहतोय."

मोठ्या देशाचे उंच गृहस्थ मात्र हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांच्या मागचा माणूस त्यांच्या कानात काहीतरी सांगत होता आणि ते मान हलवत होते. शेवटी त्यांनी आपल्या देशाची पाटी उभी केली. बोलायचं असलं की समोरची पाटी उभी करायची, ही तिथली दुसरी रीत.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "काल संध्याकाळी ही स्वच्छ प्रत मी राजधानीला पाठवली. सकाळी राजधानीचं उत्तर आलं. संपूर्ण कागदाला हरकत नाही."

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग मला हरकत घ्यायची असेल, तर राजधानीला कळवावं लागेल, की तुम्ही ज्याला हरकत नाही म्हणालात त्याला माझी हरकत आहे. ते विचारतील, का? आणि आज शुक्रवार आहे." त्यांनी समोरची प्रत बाजूला सारली. "खरं सांगू का, आम्ही चार वर्षं भांडतो आहोत, आणि राजधानीने ते एका रात्रीत मान्य केलं. बहुधा वाचलं नाही. पण सही आहे."

यावर असं हसू फुटलं, की पाणी देणारा माणूसही हसला. उंच गृहस्थांनी पाटी आडवी केली. त्यांचा कंस सुटला होता.

पण चष्म्याचे अधिकारी हलले नाहीत. त्यांनी राजधानीला काही पाठवलंच नव्हतं. ते सावध होते, माझ्यासारखेच. "सर्वांत आधी," ते म्हणाले, "हे मी सही करून घरी नेऊ शकत नाही. 'शक्य तिथे' घाला."

बेटावरच्या बाईंनी पाटी उभी केली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला ठाऊक होतं, 'शक्य तिथे' म्हणजे वाक्याला पडलेलं भोक. कोणीही कधीही त्यातून निसटू शकतं. त्यांनाही ठाऊक होतं.

"मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण मग आणखी एक ओळ घाला. जिथे शक्य नसेल, तिथे का शक्य नाही ते त्या देशाला लेखी कळवावं."

चष्म्याच्या अधिकाऱ्यांनी विचार केला. आता लेखी कारण द्यायला कोण नाही म्हणणार? सरकारी माणसाला दुसरं येतं तरी काय! त्यांनी शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलून मान डोलावली. त्या ओळीचे शब्द लावता लावता बाराला वीस मिनिटं उरली. अध्यक्षांनी सतरावा परिच्छेद मोठ्याने वाचला, हॉलभर नजर फिरवली, आणि हातोडी आपटली.

बेटावरच्या बाई माझ्याकडे आल्या नाहीत. त्या बाहेर गेल्या. काचेतून मला त्या पोर्चमध्ये उन्हात उभ्या दिसल्या, फोन कानाला. बोलत नव्हत्या, ऐकत होत्या. मग सहकारीण माझ्यामागे येऊन म्हणाली, "काय वं बाई, आता तरी नाश्ता करता का?"

साहेबांनी सोमवारी मला मेमो दिला. निष्काळजीपणा, असा शब्द होता. तीस वर्षांत पहिला आणि एकुलता. मी तो माझ्या फाइलला तारखेच्या क्रमाने लावला.

पुढचं थोडक्यात. तीन-चार वर्षांनी ती केबल पुन्हा तुटली. जहाज आधी त्यांच्याकडे गेलं. त्यानंतर आणखी एकदा तुटली, तेव्हा जहाज गेलं नाही. शक्य नव्हतं. पण दोन पानांचं लेखी कारण गेलं. बेटावरच्या बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांच्या जागी आलेल्या मुलाने ते पत्र त्यांना आणून दाखवलं, आणि त्यांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. "ऐका, ऐका," त्या हसत होत्या, "किती छान इंग्रजी आहे! यांनी स्वतःच लिहून दिलंय, की आमच्याकडे दुसरी वाट हवी." तेच पत्र पुढे ठेवून त्यांच्या सरकारने शेजारच्या देशांशी बोलणी केली. आता त्या बेटांना दुसरी केबल आहे. केबल टाकायला गेलेल्यांत एकजण आमच्या केंद्रात शिकून गेलेला होता, असं त्यांनी सांगितलं. मला त्याचा चेहरा आठवेना. पण त्याला कूलर आठवत होता म्हणे.

आमचं वसतिगृह बंद झालं. शिकवणं आता पडद्यावर होतं. एका चौकटीत भूतान, एका चौकटीत व्हिएतनाम, सगळे आपापल्या घरी, आपापल्या चहाबरोबर. त्यात वाईट काही नाही, जास्त लोक शिकतात, खर्च वाचतो. पण लोणच्याच्या बरणीची फेरी आता होत नाही. मी मधून मधून त्या इमारतीवरून जाते. खिडक्यांना हिरवी जाळी लावली आहे, कबुतरांसाठी. आजोबाही नाहीत. फ्रीजवरची यादी मी एकटीच लिहिते, आणि दोडक्याला कोणी कंस घालत नाही, म्हणून दोडका फार खाल्ला जातो.

बेटावरच्या बाई महिन्यातून एकदा फोन करतात. नागपूरला थंडी किती, हे आधी विचारतात. मग आम्ही दोघी गुडघ्यांबद्दल बोलतो. आमच्यात अजून बरंच काही ठरलेलं नाही. मी त्यांच्याकडे जायचं, की त्यांनी पुन्हा इकडे यायचं, हे कंसात आहे.

धाकटे, तू विचारलंस, माझं कोण ऐकणार. सगळ्यांनी ऐकलं नाही त्यांचंही. एकाच्या राजधानीने वाचलं नाही, एकाने भोक पाडलं, आणि मी चुकले. तरी वाक्य राहिलं.

दर दोन वर्षांनी तो कागद नवा होतो. मी तो दर वेळी इंटरनेटवर उघडून पाहते. सतरावा परिच्छेद आता बाविसावा झाला आहे, आणि शब्द थोडे इकडचे तिकडे झाले आहेत. 'शक्य तिथे' आहे. लेखी कारणाची ओळ आहे. वाक्य आहे, आणि त्याला कंस नाहीत.